दिवटी, बुधली आणि विजेरी

बालाघाटाच्या कड्यावरच्या धारूरच्या किल्ल्याला गावाकडची बाजू सोडली तर दऱ्यांचेच संरक्षण आहे. गावाकडे जमीन सपाट, म्हणून तिकडे तटाला खंदकाची जोड दिलेली. विजापूरच्या अली आदिलशहाचा सरदार किश्वरखान याने 1567च्या सुमारास हा किल्ला उभारला. लवकरच निजामशाही फौजेने तो घेतला, त्या लढाईत किश्वरखान मारला गेला आणि किल्ल्याला फतेहाबाद हे नाव मिळाले. पुढे 1631 मध्ये, दख्खनच्या मोठ्या दुष्काळाच्या दिवसांत, शाहजहानचा सेनापती आजमखान याने तो मोगलांकडे नेला. राज्ये बदलली तरी तटावरच्या रात्रपहाऱ्याची अडचण मात्र तीच राहिली. मशाल पेटवली तर तटाखालची चार झुडपे दिसतात, पण दरीत दबा धरून बसलेल्याला मशाल धरणारा माणूस नखशिखान्त दिसतो. यामागचे कारण साधे आहे. पहारेकऱ्याला एखादी वस्तू दिसायची तर उजेडाला तिथपर्यंत जाऊन, तिच्यावर आपटून, विखरून परत यावे लागते. शत्रूला दिसायला उजेडाने फक्त एकदाच प्रवास करायचा असतो. निबिड अंधारात, स्वच्छ हवेत, साधी मेणबत्तीची ज्योतसुद्धा उघड्या डोळ्यांना सुमारे अडीच किलोमीटरवरून दिसू शकते असा हिशेब आहे. मशाल तर तिच्या कितीतरी पट मोठी. म्हणजे ज्या उजेडात आपल्याला वीस पावलांवरचे दिसते, तोच उजेड कोसभरावरच्या शत्रूला आपला पत्ता सांगतो.

मराठी युद्धपरंपरेला हे पक्के ठाऊक होते. 1663 मध्ये लाल महालात शाएस्ताखानावर छापा पडला, तेव्हा कात्रजच्या घाटात बैलांच्या शिंगांना पलिते बांधून मोगलांना भलत्याच दिशेला पळवले, अशी आख्यायिका आहे. ती शब्दशः खरी असो वा नसो, ‘कात्रजचा घाट दाखवणे’ हा वाक्प्रचार भाषेत रुजला, कारण त्यातले तर्कशास्त्र खरे आहे: रात्री उजेड दिसला की माणूस त्याच्याकडे धावतो, म्हणून ज्याला लपायचे त्याने उजेड दुसरीकडे ठेवावा. 1670 मध्ये कोंढाणा घेतल्यावर मावळ्यांनी गडावर आग लावून राजगडाला खूण दिली, असे बखर सांगते. गड चढताना अंधार आणि गड हाती आल्यावर जाळ, हा क्रम महत्त्वाचा आहे. 1999 साली कारगिलमध्ये तोलोलिंग आणि टायगर हिलवरचे हल्ले रात्रीच झाले, कारण उघड्या उतारावर चढणाऱ्या जवानाला अंधार हीच ढाल होती. तेव्हा सैनिकासाठी विजेरी निवडताना पहिला प्रश्न ‘उजेड किती पडतो’ हा नसावा. आधी विचारावे: हवा तेव्हा तो नक्की पडतो का, नको तेव्हा नक्की थांबतो का, आणि अगदी थोडाच हवा असेल तर थोडा देता येतो का. प्रखरता त्यानंतर. बाजारात मात्र हा क्रम उलटा असतो, आणि माझ्या मते बहुतेक चुकीच्या खरेदीचे मूळ तिथेच आहे.

खंडोबाच्या जागरणात दिवटी आणि बुधली या दोन वस्तू जोडीने असतात. दिवटी जळते आणि बुधलीतले तेल तिला जळते ठेवते. पाहणाऱ्याची नजर दिवटीवर खिळते. रात्र निभते ती बुधलीवर. विजेरीचेही असेच आहे. मराठवाड्यात, धारूरच्या बाजारातही, लोक टॉर्चला सरळ ‘बॅटरी’ म्हणतात. शहरातला माणूस हा शब्द चुकीचा समजेल, पण मला तो नेमका वाटतो. ज्या भागावर सगळे अवलंबून आहे त्याचेच नाव लोकांनी वस्तूला दिले. डेव्हिड मिसेल या संशोधकाला 1899 मध्ये अमेरिकेत नळीच्या आकाराच्या विजेरीचे पेटंट मिळाले. त्या नळीत सेल एकामागे एक ठेवलेले, पुढे दिवा आणि काच, हाच साचा आजही चालतो. तेव्हाचे सेल इतके अशक्त होते की दिवा क्षणभर पेटवून बंद करावा लागे. पुढची शंभरेक वर्षे दुसरी अडचण तारेच्या दिव्याची होती: तापलेली बारीक तार धक्क्याने तुटे. पांढऱ्या एलईडीने ती संपवली. निळ्या एलईडीवरच्या कामासाठी आकासाकी, आमानो आणि नाकामुरा यांना 2014 चे नोबेल मिळाले, आणि त्याच शोधावर आजची जवळजवळ प्रत्येक विजेरी उभी आहे. एलईडीत तुटायला तार नाही, काच नाही. त्यामुळे आता दिवा क्वचितच मरतो, आणि टिकाऊपणाचा सगळा प्रश्न दिव्याकडून बुधलीकडे, म्हणजे सेल, बटण, स्प्रिंग आणि रबरी कड्यांकडे सरकला आहे.

खोक्यावरचे आकडे वाचायला शिकल्याशिवाय निवड करता येत नाही, म्हणून थोडे गणित. ल्युमेन म्हणजे विजेरीतून बाहेर पडणारा एकूण उजेड. कँडेला म्हणजे एका दिशेने तो किती एकवटला आहे याचे माप. हजार ल्युमेनची एक विजेरी अंगणभर मंद उजेड पसरवते, तर तेवढ्याच ल्युमेनची दुसरी दरीच्या पलीकडच्या झाडावर ठिपका टाकते. फरक आरशाच्या वाटीचा असतो. हे आकडे कसे मोजायचे याचे एफएल-1 नावाचे मानक 2009 मध्ये अमेरिकेत ठरले आणि चांगले उत्पादक ते पाळतात. या मानकात ‘झोताचे अंतर’ म्हणजे जिथे उजेड 0.25 लक्स उरतो ते अंतर, साधारण पौर्णिमेच्या चांदण्याइतके. हिशेब सोपा आहे: कँडेलाचे वर्गमूळ काढून दुप्पट करायचे. 10,000 कँडेला असतील तर 200 मीटर. अंतर दुप्पट, म्हणजे 400 मीटर हवे असेल तर कँडेला चौपट, 40,000 लागतात. आणि खोक्यावर 200 मीटर लिहिले म्हणजे दोनशे मीटरवरचा माणूस ओळखू येईल असे नव्हे. तिथे चांदणे पडल्यासारखे होईल, एवढेच. चांदण्यात आकृती हलली हे कळते. तिच्या हातात काठी आहे की बंदूक, हे कळत नाही. त्यासाठी छापील अंतराच्या निम्मे, किंवा त्याहूनही कमी अंतर धरलेले बरे.

वेळेच्या आकड्यात याहून मोठी मेख आहे. याच मानकानुसार विजेरी ‘चालू’ धरली जाते ती तिचा उजेड सुरुवातीच्या दहा टक्क्यांवर येईपर्यंत. म्हणजे हजार ल्युमेनची विजेरी पहिली काही मिनिटे भगभगीत जळाली, मग तापल्यामुळे आतल्या सर्किटने तिला खाली आणले आणि पुढचे दोन तास ती दीडशे-दोनशे ल्युमेनवर रेंगाळली, तरी खोक्यावर ‘हजार ल्युमेन, दोन तास’ असे शेजारी शेजारी छापता येते. खोटे काही नाही, पण वाचणारा फसतो. यावर उपाय म्हणजे ऊर्जेचा हिशेब स्वतः करणे. 18650 हा नेहमीचा लिथियम-आयन सेल घ्या. नावातच त्याचे माप आहे, 18 मिलिमीटर व्यास आणि 65 मिलिमीटर लांबी. 3.6 व्होल्ट आणि 3,000 मिलिअँपिअर-तास धरले तर त्यात सुमारे 10.8 वॉट-तास ऊर्जा मावते. एका वॉटला शंभर ल्युमेन मिळतात असे धरले तर हजार ल्युमेनला दहा वॉट लागतील, आणि सेल जेमतेम तासभर पुरेल. शंभर ल्युमेनवर तोच सेल दहा तास जाईल. याच सेलवर हजार ल्युमेन पाच तास देतो म्हणणाऱ्याला भागाकार येत नाही, किंवा तो ग्राहकाला येऊ नये अशी त्याची इच्छा आहे. तसेच 18650 आकाराच्या सेलवर ‘9,900’ छापलेले दिसले तर तो खुशाल परत ठेवावा. या आकाराचे उत्तम सेल 3,500 च्या आसपास धारिता देतात. आणि ज्याने सेलवर खोटे छापले त्याच्या विजेरीवरचे बाकीचे आकडे खरे मानण्याचे कारण नाही.

इथे एक रास्त आक्षेप येतो. प्रखर झोत हे सैनिकाचे हत्यारच आहे. अंधाऱ्या खोलीत शिरताना, नाक्यावर गाडी अडवताना समोरच्याचे डोळे दिपवले की दोन-तीन सेकंद मिळतात, आणि त्या सेकंदांवर जीव अवलंबून असतो. हे खरे आहे, आणि म्हणूनच दुबळी विजेरी घ्या असे मी म्हणत नाही. पण या कामात अंतर असते पाच-दहा मीटर आणि वेळ असते काही सेकंद. तिथे तासभर टिकणारा प्रचंड उजेड लागत नाही; बोट दाबले की तत्क्षणी पेटणारा आणि बोट उचलले की तत्क्षणी विझणारा एकवटलेला झोत लागतो. म्हणजे प्रखरतेच्या या कामातही खरी कसोटी लागते ती बटणाची. बटण शेपटीला असावे, हातमोज्यातून चाचपता यावे, अर्धवट दाबल्यावर तेवढ्यापुरता उजेड मिळावा आणि पुरते दाबल्यावर कायम राहावा. पहिल्या दाबाला मंद, दुसऱ्याला मध्यम, तिसऱ्याला लुकलुक अशी फेरी घडवणारी बटणे घरी चालतात. घाबरलेल्या, थकलेल्या हाताला दाब मोजता येत नाहीत. शिवाय धूळ, धूर किंवा धुके असले की जास्त उजेड उलट आपल्याच डोळ्यांवर परततो. दाट धुक्यात गाडीचा वरचा दिवा लावणाऱ्याला हे सांगावे लागत नाही. बंदुकीला जोडलेल्या विजेरीबद्दलही एक गोष्ट विसरली जाते. तिने जे पाहू, त्याच्यावर नळीही रोखली जाते. त्यामुळे ती असली तरी हातातली वेगळी विजेरी लागतेच.

मंद उजेडाचे महत्त्व बाजारात कोणी सांगत नाही, कारण तो दुकानात दाखवून माल खपत नाही. पण सैनिकाचे बहुतेक काम त्याच उजेडातले असते: नकाशा पाहणे, गाठ सोडणे, जखम बांधणे, गाडीच्या इंजिनात हात घालणे. अंधाराला पुरते सरावायला डोळ्यांना वीस ते तीस मिनिटे, कधी त्याहून जास्त लागतात, आणि ती कमाई एका प्रखर झोताने क्षणात जाते. अंधारात पाहणाऱ्या डोळ्यातल्या पेशी गडद तांबड्या उजेडाला फारशा दाद देत नाहीत, म्हणून तांबडी काच लावण्याची जुनी पद्धत आहे. ती उपयोगी आहे, पण मर्यादा ठाऊक असलेल्यालाच. तांबड्या उजेडात नकाशावरच्या तांबड्या-तपकिरी रेषा नाहीशा होतात, आणि ओल्या कापडावर रक्त आहे की पाणी हे कळत नाही. वैद्यकीय मदत देणाऱ्यासाठी ही गोष्ट जीवघेणी ठरू शकते. रात्री पाहण्याची दुर्बीण वापरणाऱ्या शत्रूला तर तांबडा उजेड चांगलाच दिसतो, कारण त्या दुर्बिणींच्या नळ्या तांबड्या आणि त्यापलीकडच्या अवरक्त किरणांनाच विशेष संवेदनशील असतात. तेव्हा रंगापेक्षा मंदपणा मोठा: एक-दोन ल्युमेनचा, मधाळ छटेचा, रंग खरे दाखवणारा पांढरा उजेड बहुतेक कामांना पुरतो. अट एवढीच की विजेरी प्रत्येक वेळी त्या मंद पायरीवरूनच सुरू करता आली पाहिजे. मंद उजेड मिळवण्यासाठी आधी प्रखर पायरी ओलांडावी लागत असेल, तर त्या सोयीला अर्थ नाही.

मग टिकाऊपणा कुठे पाहायचा? पाण्याबद्दलची खूण ‘आयपी’ आकड्यांत असते. शेवटचा आकडा 4 म्हणजे शिंतोडे, 7 म्हणजे एक मीटर पाण्यात तीस मिनिटे, 8 म्हणजे त्याहून खोल किंवा जास्त वेळ, उत्पादक सांगेल तितके. पण पुष्कळ विजेऱ्यांवर ‘आयपीएक्स-8’ असते, आणि त्यातला एक्स हा मान नव्हे, रिकामी जागा आहे. धुळीची परीक्षा नोंदलेलीच नाही, असा त्याचा अर्थ. राजस्थानच्या वाळूत काय किंवा बालाघाटावरच्या उन्हाळी फुफाट्यात काय, बटण अडते ते धुळीने. म्हणून ‘आयपी-68’ पाहावे. पडण्याच्या चाचणीत एफएल-1 मानक किमान एक मीटरवरून सिमेंटवर पाडायला सांगते. ‘मिल-एसटीडी-810’ ही अक्षरे तर आता मोबाइलच्या कव्हरावरही दिसतात. हे अमेरिकी लष्कराचे चाचण्यांच्या पद्धतींचे पुस्तक आहे. पास-नापास ठरवणारा शिक्का नव्हे. त्यातली एक प्रसिद्ध चाचणी 122 सेंटिमीटरवरून 26 वेळा पाडण्याची, पण ते 26 आपट पाच नमुन्यांत वाटून घ्यायलाही मुभा आहे. आपल्या संरक्षण खात्याचे याच स्वरूपाचे मानक ‘जेएसएस 55555’ आहे. यांपैकी कोणतेही नाव दिसले तरी कोणती चाचणी, किती तापमानाला, किती वेळा, हे विचारल्याशिवाय त्याला वजन देऊ नये. नावापेक्षा हाताला कळणाऱ्या गोष्टी विश्वासाच्या: सेलच्या दोन्ही टोकांना स्प्रिंग, म्हणजे धक्क्यात संपर्क तुटत नाही, जाड, चौकोनी कापलेले आटे, त्यांत दोन रबरी कडी, आणि शेपटी पाव फेरा सैल केली की वीज तोडणारी रचना. हे शेवटचे मला सर्वांत मोलाचे वाटते. पिशवीत बटण दाबले जाऊन पेटलेली विजेरी सेल तर संपवतेच, कापड तापवते आणि रात्री जागाही दाखवून देते.

सेलबद्दल हट्टीपणा करावा, इतकी ती बाब महत्त्वाची आहे. घरात वर्षभर पडलेली विजेरी उघडल्यावर आत पांढरी पूड आणि गंजलेली स्प्रिंग सापडते; अल्कलाइन सेल गळला की त्यातला पोटॅशियम हायड्रॉक्साइड संपर्क खाऊन टाकतो. चांगल्या विजेऱ्यांचे मरण बहुधा असे पडून पडूनच येते. लिथियम-आयन सेल असे गळत नाही, पण शून्याखाली तो चार्ज करायचा नसतो, कडाक्याच्या थंडीत त्याची ताकद ढासळते आणि उन्हात बंद गाडीत ठेवला तर तो अकाली म्हातारा होतो. एकदाच वापरायचे लिथियम सेल, उदाहरणार्थ तीन व्होल्टचा सीआर-123, उणे चाळीसपासून साठ अंशांपर्यंत काम देतात आणि दहा वर्षे पडून राहिले तरी बहुतांश भरलेले असतात. त्यांचा दोष फक्त किंमत. सियाचिनकडे जाणाऱ्याचा आणि जैसलमेरकडे जाणाऱ्याचा सेल म्हणून एकच असू शकत नाही. जी विजेरी चार्ज होणारा आणि एकदाच वापरायचा, असे दोन्ही सेल स्वीकारते, ती इतर बाबतींत थोडी कमी असली तरी मी वर धरीन. चार्जिंगचे छिद्र विजेरीच्या अंगालाच असेल, तर त्याचे रबरी झाकण हा तिच्या कवचातला सर्वांत कच्चा दुवा समजावा.

दुसरा आक्षेप खर्चाचा. धारूर, केज, वडवणी या भागांतून दरवर्षी हजारो ऊसतोड कुटुंबे कारखान्यांच्या फडावर जातात. अंधारात मोळ्या बांधणे, गाडी भरणे चालते, आणि तिथे दोन-तीनशे रुपयांची, कपाळाला बांधायची बॅटरी हंगाम काढते. शेतकरीही रात्रपाळीच्या विजेवर पाणी द्यायला तसलीच बॅटरी घेऊन फुरसे-घोणस असलेल्या रानात उतरतो. मग सैनिकाला दहापट महाग कशाला? यात शिकण्यासारखे पुष्कळ आहे. मुख्य म्हणजे या लोकांनी दोन्ही हात मोकळे ठेवण्याची किंमत ओळखली आहे. अमेरिकी सैन्याने दुसऱ्या महायुद्धात काटकोनात वाकलेली टीएल-122 विजेरी वापरली ती याच कारणाने. छातीला अडकवली की उजेड पुढे आणि हात रिकामे. पण फडावर बॅटरी बंद पडली तर शेजारच्या ऊसतोड जोडीकडून मागता येते आणि सकाळी दुकान उघडते. चौकीवर दुकान नाही, आणि शेजाऱ्याकडे उजेड मागण्यासाठी हाक मारणे हाच धोका असतो. तरी या आक्षेपातला खरा भाग मी स्वीकारतो: एक फार महाग विजेरी घेण्यापेक्षा दोन मध्यम प्रतीच्या, एकाच जातीचा सेल घेणाऱ्या, एक हातातली आणि एक कपाळाची, अशी जोडी बरी. एक बंद पडली तर दुसरीला तिचा सेल मिळतो.

रात्री पाहण्याच्या दुर्बिणी आल्यावर विजेरीचे काय काम, असेही विचारले जाते. त्या दुर्बिणी चांदण्याचा, ताऱ्यांचा उरलासुरला उजेड वाढवतात. तळघरात, गुहेत, बंद खोलीत वाढवायला मुळात काही नसते, तिथे त्यांनाही अवरक्त दिवा लागतो. शिवाय त्या दूरचे पाहायला बसवलेल्या असतात, बोटाजवळचा दोरा ओवायला नव्हे.

विकत घेतलेली विजेरी पेटीत जाण्याआधी तिला घरीच दोन-तीन रात्री द्याव्यात. भरलेला सेल घालून ती बादलीत तासभर बुडवून ठेवायची, मग कोरडी पुसून उघडायची. काचेच्या आत वाफ दिसली तर दुकानदाराकडे परत. रात्रभर शीतकपाटाच्या बर्फखान्यात ठेवून सकाळी हातमोजे घालून पेटवायची. पेटवून तळहातावर आपटायची. उजेड क्षणभर जरी लवला तरी स्प्रिंग किंवा संपर्क ढिला आहे. मध्यम पायरीवर सुरू करून दर अर्ध्या तासाने भिंतीवरचा ठिपका पाहायचा आणि वेळ वहीत लिहायचा, म्हणजे खोक्यावरचा आकडा आणि खरा आकडा शेजारी येतात. आट्यांना वर्षातून दोनदा सिलिकॉनचे ग्रीस, जादाची दोन रबरी कडी काळ्या चिकटपट्टीखाली विजेरीच्याच अंगाला, आणि प्रत्येक सेलवर पेनाने खरेदीचा महिना. अंधाऱ्या खोलीत, डोळे मिटून, सेल काढून पुन्हा घालता आला आणि तो उलटा गेला नाही, की विजेरी नेण्याजोगी झाली.